चंद्रोदयाचं घड्याळ

गोजरबाई गेली हे कळलं तेव्हा कारभारी नगरच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मोबाईलवर घड्याळं बघत होता. साधीसुधी नव्हेत, स्वित्झर्लंडची. पुतण्या रविराज जिना उतरून आला, शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "काका, वर चला."

कारभारी म्हणाला, "थांब जरा, हे एवढं बघतो."

रविराज थांबला. काकाच्या खांद्यावरून त्यानंही मोबाईलकडं पाहिलं. निळ्या तबकडीत सोन्याचा चंद्र होता. मग तो खाली बसला आणि त्यानं काकाच्या हातातला मोबाईल हळूच काढून घेतला. त्या काढून घेण्यावरून कारभाऱ्याला कळलं.

पुढं कितीतरी दिवस त्याला बायको आठवायला लागली की आधी ते वाक्य आठवायचं. बायको गेल्याचा निरोप घेऊन माणूस आलाय, आणि हा म्हणतोय, थांब, हे एवढं बघतो. लोक म्हणतात दुःखानं माणसाला शहाणपण येतं. कारभाऱ्याला दुःख आलं तेव्हा तो घड्याळाचा पट्टा मगरीच्या कातड्याचा की बैलाच्या, ते ठरवत होता.

कारभारी पारनेर तालुक्यातला. नोकरी नागापूरच्या एमआयडीसीत, एका कारखान्याच्या टाईम ऑफिसात. कामगार गेटातून आत आला की कार्ड पंच करायचा, आणि कोण वेळेवर आला, कोण उशिरा, ते बघणं हे कारभाऱ्याचं काम. म्हणून गावात त्याला सगळे टाईमसाहेब म्हणत. या टाईमसाहेबाच्या मनगटावर लग्नात सासऱ्यानं दिलेलं चावीचं घड्याळ होतं. ते त्यानं मांडवात रुसून, जेवणाचं ताट पुढं सारून मिळवलं होतं, आणि ते पहिल्या दिवसापासून मागं पडत होतं. त्यामुळं उशिरा येणाऱ्यांची हजेरी घेणारा माणूस स्वतः गेटावर धापा टाकत पोचायचा.

रिटायर झाल्यावर रविराजनं त्याला आपला जुना मोबाईल दिला. त्यावरच्या व्हिडिओंत कारभाऱ्याला एक हिंदी बोलणारा, नखं साफ ठेवणारा माणूस सापडला. तो रोज नवं घड्याळ हातात घेऊन त्याचं कौतुक सांगायचा. एकदा तो म्हणाला, पाचच घड्याळं निवडायची, जगातली कुठलीही, आणि पैशाचा विचार करायचा नाही. असा स्वप्नातला संग्रह प्रत्येकानं मनात ठेवावा.

कारभाऱ्यानं हे दुपारच्या चहाला गोजरबाईला सांगितलं. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"पैशाचा इचार न करता?" ती म्हणाली. "मग तर तुमी लई हुशार त्यात. जल्मभर तेच केलं."

"अगं, खेळ हाय ह्यो. घ्यायचं न्हाई. ठरवायचं फकस्त."

"ठरवायला काय जातंय. ठरवा."

असं ते सुरू झालं. दुपारी चहा झाला की कारभारी मोबाईल घेऊन ओट्यावर बसायचा, आणि गोजरबाई शेंगा, नाहीतर तूर, नाहीतर निवडायचं काहीतरी घेऊन शेजारी. गावातले त्याच्या वयाचे लोक तेव्हा देवळामागं पत्ते कुटत बसलेले असायचे. कारभारी त्यांना म्हणायचा, मला काम आहे. घड्याळं निवडायचं काम! कारखान्यात त्यानं इतकी मन लावून नोकरी केली असती तर प्रमोशन मिळालं असतं.

पहिलं ठरलं ते रोलेक्स. समुद्रात बुडी मारणाऱ्यांचं.

"तीनशे मीटर खोल पाण्यात चालतं," कारभारी म्हणाला.

"आपल्या हिरीचं पानी माघातच तळाला जातंय. हे घालून तुमी बुडनार कुटं?"

"बुडायचा प्रश्न न्हाई. बुडलो तरी चालंल, अशी ग्यारंटी हाय."

"घड्याळ चालंल. तुमचं काय?"

कारभाऱ्याला पोहता येत नव्हतं. तरी रोलेक्स ठरलं.

दुसऱ्याचं नाव ओडमार पिगे. तबकडीभोवती आठ कोनांची कड आणि त्या कडेवर आठ स्क्रू, सगळे वरून दिसणारे. परदेशी नावं कारभाऱ्यालाही येत नव्हती, पण तो ती येत असल्यासारखी म्हणायचा. गोजरबाई सरळ आपल्या सोयीनं म्हणायची. ती म्हणाली, "हे आडमुठं घ्या. तुमच्या हातात शोभंल." तेव्हापासून ते आडमुठं.

तिसरं पाटेक फिलिप. तिच्या तोंडी ते पाठक झालं. पातळ, सोन्याचं, गुपचूप बसणारं. "ह्यो मानूस बरा वाटतोय," ती म्हणाली, "शाळंतल्या मास्तरासारखा." मोबाईलवाला सांगायचा की हे घड्याळ आपलं नसतंच, पुढच्या पिढीसाठी आपण ते सांभाळायचं असतं. कारभाऱ्याला मूलबाळ नव्हतं. तो म्हणाला, "मग हे आपल्यामागं रविराजला." ती म्हणाली, "दिलं तर टेम्पोच्या आरशाला अडकवील त्यो, लिंबू-मिरचीच्या शेजारी."

चौथं सापडलं ते चौकोनी. जेजर लेकूल्त्र. पूर्वी घोड्यावर बसून चेंडू मारणाऱ्या साहेब लोकांनी ते करून घेतलं होतं. काच फुटू नये म्हणून ते चौकटीतल्या चौकटीत सरकवून उलटं करता यायचं. तबकडी आत, कोरी पाठ बाहेर.

"म्हंजे तोंड फिरवून बसतं?" गोजरबाईनं विचारलं.

"व्हय."

"बोलावल्याबिगर वळत न्हाई?"

"हातानं वळवावं लागतं."

"मग ते तर मीच. घ्या ते." मग तिनं नाव पुन्हा विचारलं आणि म्हणाली, "लेकुरवाळं म्हना."

आपण ठेवलेल्या नावाला ती स्वतःच हसली. कारभारीही हसला. मग थोडा वेळ दोघंही नुसत्या शेंगा फोडत राहिली.

पाचव्याला तिनं हात आडवा धरला. "चार तुमची झाली. ह्ये माझं. मी ठरवनार."

कारभारी खूश झाला, कारण त्याला वाटलं दोन दिवसांत काम होईल. त्यानं तिला सोन्याची दाखवली, हिऱ्यांची दाखवली, बांगडीसारखी दाखवली. ती म्हणायची, "हातभर बांगड्या हायेत माझ्या. त्या सारून जागा करायची तर घड्याळ तसं पायजे." तसं म्हणजे कसं, ते काही सांगायची नाही. शेवटी त्यानं चंद्राचं घड्याळ काढलं. निळ्या तबकडीत एक खिडकी आणि तिच्यात सोन्याचा चंद्र, रोज थोडा वाढणारा, थोडा घटणारा. ती बराच वेळ बघत राहिली. कारभाऱ्याला वाटलं, लागला नेम.

"संकष्टीला कदी उगवतो, ते सांगतं का?" तिनं विचारलं.

"उगवायचा टाईम न्हाई. केवढा हाय ते सांगतं."

"केवढा हाय ते मला आभाळात दिसतंय. उपास सोडायचा तर कदी उगवतो ते कळायला नको का? ते भितीवरचं कॅलेंडर सांगतंय आन तुमच्या सोन्याच्या घड्याळाला म्हाईत न्हाई? ऱ्हाऊ द्या."

झालं. तेव्हापासून कारभारी चंद्रोदयाचं घड्याळ शोधत होता. सूर्य उगवायची वेळ सांगणारं एक सापडलं, ते तिनं "कोंबडा हाय की आपल्याला" म्हणून उडवून लावलं. भरती-ओहोटी सांगणारं सापडलं, ते पारनेर तालुक्यात कशाला, असं तोच म्हणाला.

मग गोजरबाईला धाप लागायला लागली आणि नगरला न्यावं लागलं. दवाखान्यात सलाईन लावायला नर्सनं तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या काढल्या आणि कागदात गुंडाळून कारभाऱ्याच्या हातात दिल्या. गोजरबाईनं मोकळं मनगट वळवून वळवून बघितलं. लग्नानंतर ते तिनं कधी मोकळं पाहिलेलं नव्हतं.

"घ्या," ती म्हणाली, "झाली बगा जागा. घावलं का चंद्रोदयाचं?"

"शोधतोय."

"शोधा. मी हाय हितंच."

दुसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या खोलीत नेलं, आत कुणाला सोडत नव्हते, आणि कारभारी खाली येऊन पायऱ्यांवर शोधायला बसला. पुढचं वर आलंच आहे.

दहाव्याला ओढ्याकाठच्या घाटावर बरीच माणसं जमली. आपल्याकडं दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं झाल्याशिवाय माणूस गेल्यासारखा वाटत नाही. एका पुढाऱ्यानं गोजरबाईला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, तरी तो तिच्या सामाजिक कार्यावर बोलला. तिचं सामाजिक कार्य म्हणजे शेजारणीच्या भांडणात पडणं. मग रविराजनं पिंड ठेवला. शेजारी पानावर भात, भजी आणि तिला आवडणारी गोडीशेव. माणसं मागं सरकली आणि कावळ्याची वाट बघायला लागली.

कावळे होते. समोरच्या बाभळीवर ओळीनं बसले होते. येत मात्र नव्हते. कावळा शिवेना म्हणजे बाईचं काहीतरी मागं राहिलंय, मन अडकलंय. ते ओळखून कुणीतरी शब्द द्यायचा असतो.

रविराजची बायको निकिता पुढं झाली. हात जोडून म्हणाली, "काकू, काकांच्या जेवनाचं मी बगते. दोन्ही टाईम."

कावळे बसलेलेच.

"तुमच्या शेळीला इकनार न्हाई," रविराज म्हणाला.

एक कावळा उडाला, तो दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला.

चुलतभावांनी बांधाचं भांडण मिटवतो म्हणून सांगितलं. त्यानं तर दोन कावळे उडूनच गेले. ऊन चढायला लागलं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कारभाऱ्याचा मित्र पुंजाराम, जो लग्नात आणि दहाव्यात सारखाच मोठ्यानं बोलतो, तो म्हणाला, "टाईमसाहेब, तुमीच बोला काय तरी. तिचं काय ऱ्हायलं असंल ते तुमालाच म्हाईत."

कारभारी पुढं गेला. त्याला काय बोलायचं ते ठरवता आलं नाही. त्यानं हात जोडले आणि तोंडातून जे आलं ते आलं.

"गोजरे, पाचवं घड्याळ मी..."

आणि पुढचा शब्द. तो शब्द पुरा होतो न होतो तोच बाभळीवरून एक कावळा झेपावला, भाताला चोच लावली, गोडीशेव उचलली आणि गेला.

लोकांनी हात जोडले. मग हळूहळू एकमेकांना विचारायला लागले, पाचवं घड्याळ म्हणजे काय? कारभाऱ्यानं खरं ते सांगितलं. दहाव्याच्या घाटावर माणसं तोंडाला उपरणं लावून हसायला लागली. कारभाऱ्याला राग आला नाही. कारण त्यालाही दिसत होतं: बाई गेली, लोकांनी तिला शेळी दिली, बांध दिला, जेवण दिलं, आणि नवऱ्यानं काय दिलं, तर घड्याळ. तेही मोबाईलमधलं.

पण गावात ते हसण्यावर राहिलं नाही. दोन-तीन दिवसांनी रविराज आणि निकिता येऊन ओट्यावर बसले. रविराज इकडचं-तिकडचं बोलला, टेम्पोच्या टायरचं बोलला, मग म्हणाला, "काका, ते घड्याळ... लोकं म्हनत्यात तुमी पिंडाफुडं शब्द दिला. घेईन म्हनून."

"घेईन न्हाई म्हनलो. ठरवीन म्हनलो."

"समद्यांनी घेईन ऐकलं."

"समद्यांचे कान खराब हायेत."

"न्हाई, म्हंजे," रविराज अडखळला, "ते मी मोबाईलवर बगितलं, किती महाग असतं ते. लोकं म्हनत्यात, टाईमसाहेब आता रान इकतोय का काय."

आता कारभाऱ्याला कळलं की भावकी एवढी चहाला का येतेय. त्याच्या त्या खडकाळ रानाला इतका मान आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होता.

"शूटिंग हाय की," निकिता म्हणाली. "कावळा शिवायच्या टायमाला ह्यांनी मोबाईल धरला हुता."

रविराजनं मोबाईल काढला. तिघं डोक्याला डोकी लावून बघायला लागली. पडद्यावर पिंड, बाभळ, आणि टोपी हातात धरलेला, केस विस्कटलेला एक म्हातारा. हे आपण आहोत हे कारभाऱ्याला क्षणभर कळलंच नाही. म्हातारा म्हणाला, "गोजरे, पाचवं घड्याळ मी..." आणि नेमका तेव्हाच कावळा ओरडला. "...काव... ईन."

"परत लाव," कारभारी म्हणाला.

"पाचवं घड्याळ मी काव ईन."

आवाज वाढवून लावलं. कावळ्याचाच आवाज वाढला. शेवटचा 'ईन' तेवढा स्वच्छ होता, आणि तो घेईनलाही होता, ठरवीनलाही होता. निकिताला हसू आवरेना. ती पदर तोंडात कोंबून म्हणाली, "काका, काकूंनीच घोटाळा केला वाटतं."

दुसऱ्या दिवशी पुंजाराम आला तो खिशातून पुडी काढतच. पुडीत रोलेक्स होतं.

"नगरात घावलं. फर्स्ट कॉपी. हे घाल, शब्द पाळला म्हनून सांग, इषय संपला. कावळ्याला कुटं ओरिजिनल कळतंय?"

कारभाऱ्यानं ते हातात घेतलं. चांगलं जड होतं. त्यानं सेकंदकाटा पाहिला. खऱ्याचा काटा पाण्यासारखा सरकतो, हा टकटक उड्या मारत होता. "हे न्हाई चालायचं," तो म्हणाला.

"का?"

"काटा उड्या मारतोय. आन रोलेक्स पयलं हाय. ते माझं. ऱ्हायलंय ते पाचवं."

पुंजारामनं त्याच्याकडं अशी नजर टाकली, जशी डॉक्टर टाकतात. "टाईमसाहेब, पायात पंधरा वर्सांची चप्पल घालतोस. आन कॉपी चालत न्हाई तुला?"

हे कारभाऱ्याला पटलं. तरी त्यानं पुडी परत केली. तुटक्या चपलेचा माणूस घड्याळाच्या बाबतीत संस्थानिक निघावा, याला इलाज नव्हता.

पुंजाराम गेल्यावर तो एकटाच विचार करत बसला. घेईन म्हणालो असतो तर बरं झालं असतं. घ्यायला पैसे लागतात, ते नाहीत, मग माणूस हात वर करतो आणि सुटतो. ठरवायला काहीच लागत नाही, म्हणून त्यातून सुटका नाही. आणि आपण ठरवीनच म्हणालो होतो, याची त्याला खात्री होती. त्या दोघांत कधी घ्यायचा शब्दच नव्हता.

मग त्यानं ठरवायला घेतलं. दुपारचा चहा झाला की ओट्यावर बसायचा. बांगडीसारखं एक जवळजवळ ठरवलं, पण तिनं ते आधीच नाकारलं होतं. चंद्राचं पुन्हा काढलं, आणि त्या चंद्राकडं बघितलं की पायऱ्या आठवायच्या. चंद्रोदय सांगणारं काही सापडेना.

एका संकष्टीला निकिता साबुदाण्याची खिचडी घेऊन आली. कारभारी उपास करत नव्हता, पण खिचडी सोडतही नव्हता. तिनं ताट ठेवलं आणि त्याच्या मोबाईलमध्ये वाकून बघितलं.

"अजून तेच?"

"चंद्रोदय दावनारं घावंना," कारभारी म्हणाला. "तिची अट हाय. त्याबिगर कसं ठरवू?"

निकिता ओट्यावर टेकली. पदर सावरत म्हणाली, "काका, सांगू का? तुमी रागवनार न्हाई ना?"

"बोल."

"काकूंना ते चंद्राचं लई आवडलं हुतं. मला बोलल्या हुत्या. निळं हाय, झ्याक हाय म्हनल्या."

"मग नको का म्हनली? चंद्रोदयाचं खूळ कशाला काढलं?"

"मीबी तेच इचारलं. तर म्हनल्या, हो म्हनलं की पाचवं ठरलं. ठरलं की ह्यो मानूस मोबाईल मिटनार आन देवळामागं पत्ते कुटायला जानार. आत्ता दुपारचा जवळ बसतोय, ते बसू दे म्हनल्या."

कारभाऱ्यानं खिचडीचा घास घेतला. तो बराच वेळ चावला.

"म्हंजे फसवलं मला," तो म्हणाला.

"व्हय."

"भरती-ओहोटीचं पन बगायला लावलं. अन कोंबड्याचं."

"कोंबड्याचं सांगून तर लई हसल्या हुत्या."

कारभाऱ्यालाही हसू आलं, आणि हसता हसता ठसका लागला. निकितानं पाणी दिलं. कारखान्याच्या गेटावर त्यानं भल्याभल्यांच्या लबाड्या पकडल्या होत्या. शेजारी बसून शेंगा फोडणारी बाई एवढे दिवस त्याला झुलवत होती, आणि टाईमसाहेबाला पत्ता नव्हता.

"मग आता करून टाका चंद्राचंच," निकिता ताट उचलताना म्हणाली. "त्यांना आवडलंच हुतं. शब्दबी पुरा हुईल."

कारभाऱ्यानं मोबाईल उचलला. निळी तबकडी उघडली, बघितली. बोट त्याच्यावर आणलं आणि मागं घेतलं.

"बगू," तो म्हणाला. "चंद्रोदयाचं घावतंय का, अजून बगतो जरा."

देवळामागून पत्ते कुटणाऱ्यांचा आवाज येत होता. पुंजारामनं त्याच्या नावानं हाक मारली. कारभाऱ्यानं हात वर करून काम आहे म्हणून सांगितलं आणि ओट्यावर जरा एका बाजूला सरकून बसला.

रोलेक्स, आडमुठं, पाठक आणि लेकुरवाळं ठरलेलं आहे. पाचवं अजून ठरायचं आहे.